एचआयव्हीच्या गोळ्या आता तालुक्याच्या दवाखान्यात मिळतायत, पण काकू तिथं जायला तयार नाही

पुतणी_१

हा आयडी फक्त या धाग्यापुरता काढलाय, जुने लोक समजून घेतील. गाव, तालुका, जिल्हा मुद्दाम लिहीत नाही. मराठवाडा, एवढं पुरे.

माझी काकू ५८ वर्षांची आहे. काका २००३ मध्ये गेले. गावात 'टीबीनं गेले' एवढंच सांगितलं. टीबी होताच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. सरकारी रुग्णालयातून एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळायला सुरुवात झाली एप्रिल २००४ मध्ये, तीही आधी मुंबईच्या जेजेसारख्या देशातल्या मोजक्या ठिकाणी. बाहेरून विकत घेणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. मधले ते महिने आजी जाईपर्यंत बोटांवर मोजायची.

काकूच्या गोळ्या २००७ ला चालू झाल्या. तेव्हा सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) २०० च्या खाली आल्यावरच गोळ्या द्यायचे साधारण. तिचा १३४ होता. पहिल्या गोळ्यांनी गाल बसले, तळपायांची इतकी आग व्हायची की रात्री ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपायची. पुढे गोळ्या बदलल्या. आता दिवसाला एकच, टीएलडी, तीन औषधं मिळून एक गोळी. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) मशीनला सापडत नाही इतका कमी आहे. शेतात जाते, भावकीतल्या लग्नांना जाते, सगळं करते.

अडचण जाण्यायेण्याची आहे. सिव्हिल ७४ किलोमीटर. मुक्कामी गाडी पहाटे साडेपाचला सुटते, ती चुकली की दिवस गेला. घरी यायला दिवेलागण होते. पूर्वी हे दर महिन्याला होतं, आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. पण काकूचे गुडघे गेलेत, शिवाय दोन वर्षांपासून शुगर निघालीय. गेल्या खेपेला सिव्हिलमधल्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लिंक सेंटर आहे. तिकडं नाव टाकू का?" ते आमच्या घरापासून ११ किलोमीटर. मला वाटलं, देव पावला. काकू मात्र घरी येईपर्यंत गप्प. मग म्हणाली, "तिथली सिस्टर वरच्या आळीतल्या सुमनची जाऊ हाय. मी न्हाई जायची."

समजूत घालावी, की आहे तसंच चालू द्यावं? कुणाला लिंक सेंटरचा अनुभव असेल तर लिहा.

समुपदेशिका_निवृत्त

मी अकरा वर्षं आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात) होते, एका ग्रामीण रुग्णालयात. लिंक सेंटर म्हणजे काय ते आधी लिहिते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आपली केसच दुसरीकडे गेली. तसं नसतं. मूळ नोंद तुमच्या एआरटी सेंटरलाच (एचआयव्हीच्या गोळ्यांच्या मुख्य केंद्राला) राहते. गोळ्यांवर स्थिरावलेल्या, दुसरा काही मोठा आजार नसलेल्या माणसालाच जवळ 'लिंक आउट' करतात. लिंक सेंटरला वजन करतात, खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं हे चार प्रश्न विचारतात (टीबीसाठी), उरलेल्या गोळ्या मोजतात आणि पुढच्या देतात. काही बिघडलं तर परत सिव्हिलला पाठवतात. व्हायरल लोडचं रक्त वर्षातून एकदा. ते तालुक्याला घेतात की सिव्हिलला जावं लागतं, एवढं आधी विचारून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सक्तीचं नाही. काकू 'नको' म्हणाल्या तर नको. त्यांनी सोळा-सतरा वर्षं एक गोळी चुकवली नसेल, तर त्यांना काय जमतं ते त्यांनाच जास्त कळतं.

पुतणी_१

चुकवली नाही. एकदा एसटीचा संप होता, तेव्हा दूधवाल्याच्या टेम्पोतून गेली होती.

घाटमाथा

माझं गाव सातारा जिल्ह्यात. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, तेरा वर्षं झाली. जिल्ह्याच्या ठिकाणीही जात नाही, पुण्याला जातो. खर्च होतो, रजा जाते, जाऊ दे. पुण्यात रांगेत उभं राहिलं तर मागे कोण आहे ते बघावं लागत नाही.

काकूंचं मला शंभर टक्के पटतं. वरच्या लोकांना वाटतं अंतर म्हणजे किलोमीटर. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर माझा शाळेतला वर्गबंधू बसतो. 'काय झालं रे?' हा प्रश्न तो प्रेमानंच विचारणार. त्याला काय सांगू?

एसटीची सवलत हाही असाच प्रकार. एचआयव्ही असलेल्यांना एसटीत सवलत आहे, मोठी आहे. पण ती मिळवायला कार्ड कंडक्टरच्या हातात द्यावं लागतं. भरल्या गाडीत. गाडी आमच्याच डेपोची. मी एकदाही वापरलं नाही. माझ्या ओळखीत वापरणारे आहेत, ते तालुका ओलांडल्यावर पुढच्या स्टँडवर उतरतात आणि तिथून दुसऱ्या गाडीत कार्ड काढतात.

मुक्तछंद

एक प्रामाणिक शंका, राग मानू नका. लहान दवाखान्यात सुया, पट्ट्या, खाटा सगळ्यांना त्याच. तिथं एचआयव्हीचे पेशंट आणले तर इतरांना धोका नाही का? मोठ्या हॉस्पिटलात निदान वेगळा विभाग असतो.

औषधाची_खिडकी

@मुक्तछंद, राग नाही, पण उत्तर थोडं लांब होईल. मी ग्रामीण रुग्णालयात फार्मासिस्ट आहे.

तुमच्या दवाखान्यात एचआयव्हीचे पेशंट 'आणायचे' नाहीत, ते आधीपासून येतायत. ताप, पोटदुखी, बाळंतपण, सगळ्याला. काहींना स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून सुई प्रत्येकाला नवी आणि हातमोजे प्रत्येकासाठी, हा नियम आहेच. तो पाळला जात नसेल तर धोका कावीळ बी-सीचाही आहे, आणि तो आजचा आहे. ज्याच्या गोळ्या चालू आहेत आणि व्हायरल लोड सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. शेजारच्या खाटेवर झोपून तर मुळीच नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कुणाला सांगता येत नाही.

आता मूळ धाग्याबद्दल. आमच्याकडे लिंक सेंटर झालं तेव्हा एक मोठी चूक झाली, ती सांगतो. सोय म्हणून वार ठरवला, मंगळवार. सगळे एकाच दिवशी आले की नोंदी पटापट होतील, समुपदेशकाचाही वेळ वाचेल. कागदावर उत्तम. दोन महिन्यांत बाहेरचा चहावाला त्यांना 'मंगळवारवाले' म्हणायला लागला. एक बाई गोळ्या न घेताच फाटकातून परत गेली, तेव्हा आम्हाला कळलं.

वार बंद केला. आता ओपीडीच्या वेळेत कधीही या. बीपी-शुगरच्या गोळ्या ज्या खिडकीतून, त्याच खिडकीतून. या गोळ्यांची बाटली असते, आत गोळ्या खुळखुळतात, आणि बाटली घेऊन निघालेला माणूस आमच्याकडे लांबून ओळखू येतो, कारण बाकी सगळ्यांना पट्ट्या मिळतात. म्हणून बाटलीत वरून कापसाचा बोळा घालतो, खाकी पिशवीत कॅल्शियमच्या पट्टीबरोबर टाकतो. शासनाचं परिपत्रक नाही याला. कापूस ड्रेसिंगच्या खोलीतून येतो.

पुतणी_१

कापसाचा बोळा वाचून मी काकूला फोन केला. ती हसली. ती २००७ पासून बाटलीत तांदूळ भरते.

आडवाट

तांदूळ! (गोळ्या ओलसर होत नाहीत ना पण? बाटलीत ती छोटी पुडी असते ती काढू नका म्हणावं.)

दर्बानकर

मी दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर आहे. इथल्या अनुभवाचा उपयोग होईल म्हणून लिहितो, तुलना करायची म्हणून नाही.

ईस्टर्न केप प्रांतात लुसिकिसिकी नावाचा डोंगराळ, गरीब भाग आहे. एक इस्पितळ आणि १२ छोटे दवाखाने. २००३ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेनं आणि आरोग्य खात्यानं तिथं ठरवलं की गोळ्या इस्पितळात नाही, दवाखान्यांत द्यायच्या. डॉक्टर नव्हतेच, म्हणून नर्सनी द्यायच्या, आणि समजावणं, आठवण करणं हे स्वतः गोळ्या घेणाऱ्या गावकऱ्यांनी. तेव्हा बरेच जण म्हणाले, हे चालणार नाही. वर्षानंतर मोजलं तर दवाखान्यांतले शंभरात साधारण २ जण उपचारातून गळाले होते, इस्पितळातले १९. पुढे २०१० पासून देशभर नर्सना गोळ्या सुरू करायची परवानगी मिळाली.

केपटाउनजवळ खायेलित्शाला २००७ पासून 'क्लब' आहेत. तीसेक जण दोन महिन्यांतून एकदा जमतात, गोळ्यांच्या पिशव्या आधीच नावानिशी तयार असतात, तासाभरात सगळे मोकळे. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये याहून साधी गोष्ट झाली. शेजारपाजारच्या सहा जणांचा गट, दर महिन्याला एकानं जायचं आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. जो गेला त्याची तपासणीही त्याच खेपेत.

घाटमाथा

म्हणजे भिशी!

दर्बानकर

अगदी भिशी. इथं फक्त कुणी पैसे घेऊन पळत नाही.

समुपदेशिका_निवृत्त

दर्बानकर, क्लब आणि गट आवडले, पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे. त्या तीस जणांना एकमेकांचं माहीत आहे. तुमच्याकडे काही भागांत मोठ्या माणसांपैकी पाचात एकाला एचआयव्ही. आमच्याकडे अख्ख्या गावात दोन किंवा तीन. त्या तिघांना एकमेकांचं माहीत नसतं, आणि माहीत होऊ नये म्हणूनच ते जपत असतात. मी एकदा दोघींची गाठ घालून दिली होती, दोघींना विचारूनच. त्या एकमेकींना वीस वर्षं ओळखत होत्या. पाणी भरायला एकाच हातपंपावर. दोघी माझ्या खोलीत बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एक म्हणाली, "म्हणून तू उपासाच्या दिवशी पण रात्री पाणी प्यायचीस होय?" पुढे त्या दोघी आळीपाळीनं गोळ्या न्यायच्या. पण हे दरवेळी जमेल असं नाही. एका ठिकाणी माझं असंच करणं चुकलं, आणि त्या माणसानं यायचंच बंद केलं. त्याबद्दल इथं जास्त लिहवत नाही.

बालाघाट

तुम्ही सगळे 'जवळ' म्हणजे घराजवळ धरून चाललाय. मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. ऊसतोड. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता निघाला की थेट सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटक. परत यायला मार्च-एप्रिल. त्या पाच महिन्यांत आमच्या तालुक्याचं लिंक सेंटर कितीही जवळ असलं तरी कुणाच्या कामाचं?

माझ्या एका विद्यार्थ्याची आई गोळ्यांवर आहे. मुलानंच सांगितलं मला, दहावीचा फॉर्म भरताना. ती गोळ्या कोपीत हळदीच्या डब्यात ठेवते. कोपी म्हणजे पाचटाची, तिला ना कडी ना कुलूप. पहिल्या दोन सीझनला तिच्या गोळ्या जानेवारीतच संपल्या होत्या. कारखान्याच्या गावातल्या सेंटरला गेली तर सांगितलं, आधी मूळ ठिकाणाहून ट्रान्सफर आणा. म्हणजे येऊन जाऊन दोन दिवस. दोन दिवसांचा खाडा मुकादम पैशांत मोजतो.

आता नोंदी 'सोच' नावाच्या संगणक प्रणालीत असतात म्हणे, कुठूनही नाव सापडतं. खरं असेल तर चांगलंच. यंदा निघताना तिला सगळ्या सीझनच्या गोळ्या एकदम मिळतात का, ते बघणार आहे.

समुपदेशिका_निवृत्त

@बालाघाट, निघायच्या महिनाभर आधी तिला सेंटरला जाऊन 'स्थलांतर आहे' हे शब्द वापरायला सांगा. करोनाच्या २०२० च्या टाळेबंदीत बऱ्याच जणांना जास्त महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या, आकाश काही कोसळलं नाही, त्यामुळे आता तेवढी कुरकुर होत नाही. आणि कारखान्याच्या जवळचं सेंटर कुठलं ते १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर विचारून आधीच कागदावर लिहून द्या. नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

सरळसोट

(प्रतिसाद संपादित. अशी भाषा इथं चालणार नाही. _संपादक मंडळ_)

आडवाट

धन्यवाद संपादक.

एमडी_अजूनही_शिकतोय

धागाकर्तीनं जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर कुणी बोललं नाही. 'शुगर निघालीय.' शुगरच्या गोळ्या काकू कुठून घेतात?

पुतणी_१

गावात उपकेंद्र आहे, तिथून. मेटफॉर्मिन दोन वेळा. आणि हाडांसाठी कॅल्शियम. एचआयव्हीचं तिथं अर्थातच माहीत नाही. आणि शुगरचं सिव्हिलला सांगितलंय की नाही, मला खात्री नाही.

एमडी_अजूनही_शिकतोय

मग माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ७४ की ११ हा नाहीच.

टीएलडीतलं डी म्हणजे डोल्युटेग्रावीर. त्यानं मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते. म्हणून दोन्ही एकत्र असतील तर मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचं उलटं, त्या रिकाम्या पोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर डोल्युटेग्रावीर नीट शोषलंच जात नाही. एकतर दोन्ही जेवणाबरोबर घ्यायच्या, नाहीतर टीएलडी आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. घाबरण्यासारखं काही नाही, व्हायरल लोड चांगला आहे म्हणजे आतापर्यंत निभावलंय. पण गोळ्या स्वतःहून बंद-चालू करू नका. पुढच्या खेपेला सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून सिव्हिलच्या डॉक्टरांपुढे ओता.

२००७ ला गोळ्या सुरू केलेले लोक आता साठीकडे आलेत. बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू, सगळं इतरांसारखंच. एचआयव्हीचा डॉक्टर एका गावाला, बाकीच्या शरीराचा दुसऱ्या गावाला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, असं पुढची वीस वर्षं कसं चालायचं? एका छताखाली हवं, याचं माझ्यापुरतं कारण हे आहे. बसभाडं त्यानंतर.

घाटमाथा

हे मला नवीन आहे. मी ॲसिडिटीची पातळ बाटली सर्रास पितो. ती चालते का?

एमडी_अजूनही_शिकतोय

ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली असेल तर तोच नियम, टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. जेवणाबरोबरची सूट मात्र हिला नाही. आणि सर्रास पिऊ नका.

औषधाची_खिडकी

एमडी साहेबांशी सहमत, पण दुसरी बाजू. आमच्याकडे लिंक सेंटर म्हणजे वेगळा माणूस नाही. मीच, लॅब टेक्निशियन आणि समुपदेशक. समुपदेशक कंत्राटी. ती गेल्यावर जागा सात महिने रिकामी होती, तेवढे महिने चार प्रश्न मीच खिडकीतून विचारायचो. 'रात्री घाम येतो का' हे खिडकीतून विचारून बघा एकदा, मागे आठ जण उभे असताना. वरून 'सेवा जवळ नेली' असा आकडा लागतो. जवळ आणलेल्या खोलीला दार आहे का, हे कुणी विचारत नाही. आम्ही शेवटी स्टोअरमधली खोकी हलवून तिथं दोन खुर्च्या टाकल्या.

पुतणी_१

सगळ्यांचे आभार. कालच्या रविवारी गावी गेले होते, काकूला हा धागा वाचून दाखवला. मुक्तछंद यांचा प्रश्नही वाचला, ती म्हणाली, "बरं इचारलं त्यानं, मनात ठेवण्यापरीस." हळदीच्या डब्याचं दोनदा वाचायला लावलं.

गोळ्यांची पिशवी ओतून बघितली. मेटफॉर्मिन १००० च्या आतच आहे, पण कॅल्शियम ती टीएलडीबरोबर झोपताना घ्यायची, एकाच घोटात, 'एकदाच काय ते' म्हणून. सिव्हिलला फोन करून विचारलं, त्यांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं.

तालुक्याच्या सेंटरला मात्र नाहीच म्हणाली. मीही जास्त ताणलं नाही. मग रात्री भाकऱ्या थापता थापता तिनंच विचारलं, "हे लिंक का काय ते, आपल्याच तालुक्याचं घ्यावं लागतं का?" तिची बहीण शेजारच्या तालुक्यात असते, ३१ किलोमीटर, थेट गाडी आहे. बहिणीला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. तिथल्या दवाखान्यात काकूला कुणी ओळखत नाही, आणि तीन महिन्यांतून एकदा बहिणीकडं मुक्कामाला गेलं तर गावात कुणी विचारत नाही.

समुपदेशिका ताई, असं दुसऱ्या तालुक्याचं सेंटर मागता येतं का?

समुपदेशिका_निवृत्त

मागा. त्याच एआरटी सेंटरला जोडलेलं असेल तर सोपं आहे, नसेल तर ट्रान्सफर करावं लागेल, तेही होतं. पहिल्या खेपेला ग्रीन बुक (उपचारांच्या नोंदींची वही) आणि उरलेल्या गोळ्या, दोन्ही बरोबर न्या. सकाळी ओपीडीच्या वेळेत पोचायला हवं, म्हणजे बहिणीकडं आदल्या दिवशीच जायला लागेल.

पुतणी_१

आदल्या दिवशीच जाणार आहे. साडी आणि कुरडया आत्ताच बाजूला काढून ठेवल्यात.

औषधाची_खिडकी

बाटलीतला तांदूळ तेवढा काढून ठेवायला सांगा. तिथला फार्मासिस्ट गोळ्या मोजेल.